चाळीस टक्के म्हणजे किती मुलं?

प्रश्न : आमच्या जवळ जिल्हा परिषदेच्या दोन शाळा आहेत. गेल्या वर्षी पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत एकीचा निकाल शंभर टक्के लागला, दुसरीचा चाळीस. चाळीसवाली शाळा घरापासून पाच मिनिटांवर आहे. शंभरवालीला रिक्षा लावावी लागेल. मुलगी यंदा पहिलीत जाईल. कुठे घालू?
– एक आई, देवगड तालुका

उत्तर : ताई, आधी विचारा, परीक्षेला बसली किती? आपल्या सिंधुदुर्गात पाचवीच्या वर्गात पाचच मुलं असणं नवलाचं नाही. पाचातली दोन पात्र ठरली की झाले चाळीस टक्के. एक मूल त्या दिवशी तापाने फणफणलं, तर वीस टक्के तिथेच गेले. शिष्यवृत्तीला बसणं सक्तीचंही नसतं. बारातल्या तीन हुशार मुलांचेच फॉर्म भरले, तर शंभर टक्के सहज होतात. म्हणून पट किती, बसले किती, पात्र किती हे तिन्ही आकडे मागा, तेही चार-पाच वर्षांचे.

पुढे हायस्कूल निवडतानाही हे ध्यानात ठेवा. दहावीला कोकण विभागाचा निकाल 2024 मध्ये 99.01 टक्के होता, 2025 मध्ये 98.82. सगळेच पास होतात तिथे पासाच्या टक्क्यावरून शाळा ओळखता येत नाही. विशेष प्रावीण्य किती जणांना, ते बघा.

मी आपल्याच तालुक्यात द्विशिक्षकी शाळेत बावीस वर्षं शिकवलं. आंब्याच्या बागांवर राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं आमच्याकडे बसायची. एक मुलगा दिवाळीनंतर आला तेव्हा त्याला मराठीचा शब्द येत नव्हता. एप्रिलमध्ये तो गोष्टीचं पान वाचून दाखवायचा. आंबा संपला, ते कुटुंब गेलं. कुठल्याही निकालपत्रकात तो नाही, पण त्या वर्षीचं आमचं सगळ्यात मोठं काम तोच होता.

तेव्हा दोन्ही शाळांत स्वतः जा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ पटापर्यंत दोन शिक्षक असायला हवेत. ते दोघेही रोज वर्गावर असतात का, की एक सतत कामगिरीवर, म्हणजे दुसऱ्या शाळेत किंवा दुसऱ्या कामावर पाठवलेला, हे पालकांना विचारा. एकट्या शिक्षकाला सगळे वर्ग सांभाळावे लागले, तर पहिलीच्या पोरांकडे बघायला वेळच उरत नाही. मग गुरुजींची परवानगी घेऊन तिसरीतल्या दोन-तीन मुलांकडून, पुस्तकाबाहेरचा, एखादा सोपा उतारा वाचून घ्या. घरी मालवणी बोलणारं मूल तो वाचून आपल्या शब्दांत सांगत असेल, तर मी माझी नात जवळच्याच शाळेत घालीन. जुलैत वहाळाला पाणी चढलं की रिक्षा येत नाही, आणि पहिलीतलं मूल आठ-आठ दिवस घरी राहिलं की अक्षरं विसरतं.