म्हशींचं अनुदान आणि माणसाचा विमा

शिरोळ तालुक्यातले एक वाचक लिहितात: "पुरात दोन दुभत्या म्हशी गेल्या. पंचनामा होऊन म्हशीमागे 37,500 प्रमाणे 75 हजार खात्यावर आले. एफडी करू, की पदरचे घालून मुऱ्हा जातीची म्हैस आणू? गोठ्यात चार म्हशी आणि एक गाभण रेडी आहे. जनावरांचा विमा नाही, पण बँकेत घेतलेली 20 वर्षांची पॉलिसी आहे. म्हैस गेली तरी त्यातून मिळेल, असं एजंट म्हणाला होता. वर्षाला 50 हजारांचे चार हप्ते भरले. शेवटचे दोन भरायला बायकोच्या पाटल्या 12 टक्क्यांनी तारण ठेवल्या, 1 लाख 10 हजारांना. पाचवा पुढच्या महिन्यात आहे. सरकार वाढीव मदत देणार म्हणतात, त्यातून भरेन."

म्हशीचं नंतर बघू. आधी ती पॉलिसी.

ती तुमच्या जिवाची आहे. म्हैस मेली तर त्यातून दमडी मिळणार नाही. मिळेल असं सांगणाऱ्याला कमिशन मिळालं, एवढंच. 20 वर्षांत 10 लाख भरून तुम्हाला 17 लाखांचं आमिष दाखवलंय. हा परतावा पाच टक्केसुद्धा पडत नाही. म्हणजे 12 टक्क्यांनी पैसे काढून पाच टक्क्यांनी गुंतवायचे, आणि त्यासाठी पाटल्या गहाण!

चार वर्षांनी अशा पॉलिसीचं हमी सरेंडर मूल्य, म्हणजे मध्येच बंद केली तर मिळणारी किमान रक्कम, भरलेल्या हप्त्यांच्या साधारण निम्मं असतं, म्हणजे एक लाख. नेमका आकडा कंपनीकडून लेखी घ्या. एक लाख गेले, हे कडू आहे. पण पाचवा हप्ता भरलात तर त्या पन्नासातलेही पंचवीसच परत येतील. घरची माणसं तुमच्यावर अवलंबून आहेत, म्हणून आधी 50 लाखांचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा, घ्या. वय आणि तब्येत ठीक असेल तर वर्षाला दहा-बारा हजारांत बसेल. तो हातात आला की जुनी पॉलिसी बंद करा.

सरेंडरचे एक लाख आणि अनुदानाचे 75 हजार. त्यातून व्याजासकट पाटल्या सोडवा. टर्मचा हप्ता वजा जाता 35-40 हजार उरतात.

त्यातला पहिला खर्च चार म्हशींचा विमा. राष्ट्रीय पशुधन अभियानात शेतकऱ्याला हप्त्याचा 15 टक्केच वाटा भरावा लागतो. लाखाच्या म्हशीला चार टक्के दर धरला तर हप्ता 4,000, तुमचे 600. चार म्हशींचे 2,400. योजनेतून जमलं नाही तर पूर्ण 16 हजार भरा, पण उतरवा. कानातला बिल्ला शाबूत ठेवा. बिल्ला नसेल तर दावा अडतो.

अनुदान ही मदत आहे, भरपाई नव्हे. बरी मुऱ्हा लाखाच्या पुढे जाते, तिथे 37,500 म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. आणि वाढीव मदतीचं म्हणाल, तर शासन निर्णय निघून खात्यावर पडेपर्यंत ती शून्य धरा. भाषणावर हप्ते फिटत नाहीत.

आता तुमचा प्रश्न. मुऱ्हा सध्या नको. गाभण रेडी विणार आहे, सगळ्यात स्वस्त म्हैस तीच. उरलेले पैसे वैरणीसाठी मोडता येतील अशा एफडीत ठेवा. पशुपालनाच्या किसान क्रेडिट कार्डाचा अर्जही करा. दोन लाखांपर्यंतचं कर्ज, वेळेवर फेडलं तर चार टक्के व्याजाने पडतं. मात्र ते पेंड-वैरणीच्या खर्चासाठी आहे, जनावर घ्यायला नाही.

आणि पंचगंगेवरच्या, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांवर, म्हणजे इशाऱ्याला, आली की म्हशी हलवा. 43 ची, म्हणजे धोक्याच्या पातळीची, वाट बघू नका.