‘समाधान मानावे लागले’ हे आधी काढ

प्रिय उपसंपादकबाई,

तुझा मजकूर काल रात्री वाचला आणि आज सकाळी चहाबरोबर पुन्हा. रात्री नुसताच आवडला, म्हणून सकाळी लाल पेन घेऊन बसलो. फ्रान्सच्या स्की जंपर मुलीवर, म्हणजे उतारावरून स्कीवर घसरत येऊन हवेत लांब उडी घेणाऱ्या खेळाडूवर, मराठी पानासाठी पूर्ण लेख लिहायचं तुला सुचलं, याचंच मला अप्रूप आहे. आमच्या वेळी हा विषय मीटिंगमध्ये काढला असता तर ‘कबड्डीचं काय झालं?’ एवढंच ऐकायला मिळालं असतं.

आधी नावं. तू तिला ‘कॉलिन मॅटेल’ केलंयस. इंग्रजी अक्षरांवरून उचललं की असंच होतं. ती कोलिन मातेल. गाव ‘लेस कंटामाइन्स’ नाही, ले कोंतामिन. ओत-सावोआ भागातलं, आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वताच्या पायथ्याचं. जन्म सालांशचा, ३ नोव्हेंबर १९९५. ही तारीख तुझ्या पहिल्याच परिच्छेदात आहे, पण पुढे तू ती विसरून गेलीस. तिच्या बाबतीत प्रत्येक सालाशेजारी वय मांडून बघ, लेख आपोआप सरळ होईल. २००९ मध्ये लिबेरेत्सला महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, त्यात ती पाचवी. वय तेरा. २०११ मध्ये ऑस्लोला दाट धुक्यात ब्राँझ. वय पंधरा. सोची ऑलिम्पिकला अठरा. आता याच सालांच्या बाजूला दुसरी एक ओळ घाल: महिलांच्या स्की जंपिंगला ऑलिम्पिकमध्ये घ्यायचा निर्णय झाला एप्रिल २०११ मध्ये. म्हणजे ऑस्लोचं पदक गळ्यात पडलं, त्या दिवशी तिच्या खेळाला ऑलिम्पिकचं दार उघडलेलंच नव्हतं. तू लिहिलंयस, ‘लहानपणापासून ऑलिम्पिक पदकाचे स्वप्न पाहणारी कोलिन’. कुठून आणलंस? जी स्पर्धा अस्तित्वातच नाही तिचं स्वप्न एखादी मुलगी बघेलही, नाही असं नाही. पण तू तिला विचारलेलं नाहीस. काढून टाक.

आता मुख्य भांडण. ‘सोचीत तिला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले.’

हे वाक्य मी स्वतः किती वेळा छापलंय त्याची मोजदाद नाही, त्यामुळे रागावायचा अधिकार मला थोडा कमीच आहे. ११ फेब्रुवारी २०१४ च्या त्या रात्री मी डेस्कवरच होतो. नेमकी त्याच दिवशी भारतावरची ऑलिम्पिक बंदी उठली, त्यामुळे सगळं पान तिकडे गेलं. मातेलची बातमी दोन ओळींची, तळाशी कोपऱ्यात, आणि त्या दोन ओळींतही मी तिला ‘समाधान मानायला’ लावलं. कोणी बोललं नाही. वाचणाराच कोणी नव्हता म्हण.

तर जरा हिशेब करू. पहिली कारिना फोग्ट, २४७.४ गुण. दुसरी डानिएला इराश्को-श्टोल्त्स, २४६.२. मातेल २४५.२. म्हणजे सुवर्ण आणि ब्राँझ यांच्यात २.२ गुण. नॉर्मल हिलवर, म्हणजे या खेळातल्या लहान टेकडीवर, एका मीटरला दोन गुण असतात, तेव्हा हे झाले १ मीटर १० सेंटिमीटर, तेही एका नाही, दोन उड्या मिळून. तिच्या पायातली स्कीच याच्या दुपटीच्या आसपास लांब असते. दुसऱ्या बाजूने मोज. शैलीला पाच पंच गुण देतात, प्रत्येकी वीसपैकी. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण बाद होतात, उरतात तिघांचे. त्या तिघांनी प्रत्येक उडीला अर्धाच गुण जास्त दिला असता, तर तीन गुण वाढले असते आणि राष्ट्रगीत फ्रान्सचं वाजलं असतं.

इथवर तू म्हणशील, मग हुकलंच की सुवर्ण! थांब, चौथा नंबर बघ. जपानची सारा ताकानाशी, त्या मोसमात जवळजवळ सगळं जिंकत आलेली, २४३.० गुण. मातेल आणि तिच्यातला फरक पुन्हा २.२. अगदी तेवढाच! आणि मीटर मोजलेस तर ताकानाशी पुढे: तिच्या उड्या १०० आणि ९८.५ मीटर, मातेलच्या ९९.५ आणि ९७.५. दीड मीटर जास्त उडून ती पदकाशिवाय घरी गेली, कारण उतरताना तिला टेलीमार्क साधला नाही. टेलीमार्क म्हणजे एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकवून, हात पसरून उतरणं. दोन्ही पाय एका रेषेत आपटले की पंच गुण कापतात. हे तुझ्या लेखात नाहीच. मातेलचं ब्राँझ त्या शेवटच्या अर्ध्या सेकंदात आहे, आणि तू हवेतल्या तीन-चार सेकंदांवर तीन परिच्छेद खर्च केलेस.

खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीत ‘कांस्यपदकावर समाधान मानावे लागले’ असं लिहून कराडला जाऊन दाखव. मग बोलू.

त्या हवेतल्या परिच्छेदांबद्दलही बोलतो. ‘पंख नसलेली परी’, ‘पक्ष्यासारखी अलगद’. अगं, मुलीकडे जिनिव्हाला गेलो होतो तेव्हा जवळच सीमेपलीकडे, फ्रान्सच्या झ्युरा डोंगरांत प्रेमानोंला, उन्हाळ्यात हा सराव बघितलाय. बर्फाचा पत्ता नाही. उतारावर हिरव्या प्लॅस्टिकच्या झावळ्यांसारखं काहीतरी अंथरलेलं, त्यावर पाण्याचे फवारे चालू. वरती आडव्या दांड्यावर दहा-अकरा वर्षांची पोर बसलेली, खाली कठड्याशी उभ्या प्रशिक्षकाने हात खाली केला की ती दांडा सोडते. मग काही क्षण नुसती घरघर. मग घरघर थांबते, आणि एकदम कापड फाटल्यासारखा आवाज डोक्यावरून जातो. तो वाऱ्याचा आवाज. शेवटी ओल्या प्लॅस्टिकवर चटाक्! परीबिरी काही नाही. पोर उतरली, हेल्मेट काढलं, नाक पुसलं, स्की खांद्यावर टाकली आणि पुन्हा वर निघाली. मोठ्या स्पर्धेत नॉर्मल हिलवर कड्याशी येताना वेग ताशी ८५ ते ९० किलोमीटर असतो. त्या वेगात नेमक्या क्षणी पाय झटकून उठायचं, अंग पुढे झोकायचं, स्कीचा ‘व्ही’ उघडायचा. जरा उशीर झाला की उडी गेली. अलगद असं त्यात काही नाही. ‘अलगद’ काढ.

‘सडपातळ बांध्याची’ हेही काढ. का, ते सांगतो, कारण हा मुद्दा लेखात यायला हवा, पण वेगळ्या तऱ्हेने. या खेळात वजन कमी तर उडी लांब, म्हणून मुलंमुली उपाशी राहायची. त्यावर नियम आला: उंचीच्या मानाने वजन ठरावीक मर्यादेखाली गेलं तर स्की आखूड वापरायची. स्की आखूड म्हणजे हवेचा आधार कमी. पोषाखही असाच मोजून बघतात, कारण सैल कापड शिडासारखं हवा धरतं. २०२२ ला बीजिंगच्या मिश्र सांघिक स्पर्धेत पोषाखावरून एका संध्याकाळी पाच महिला बाद झाल्या, त्यात ताकानाशी होती आणि इराश्को-श्टोल्त्सही. ज्या खेळात कापड आणि किलो असं तपासतात, तिथल्या खेळाडूच्या बांध्याचं कौतुक आपण करू नये.

कोर्टाचा भाग तू चांगला लिहिलायस, हात लावत नाही. फक्त क्रम नीट कर. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे अध्यक्षच म्हणाले होते की वैद्यकीयदृष्ट्या हे बायकांसाठी योग्य वाटत नाही. मग व्हँकुव्हर ऑलिम्पिकसाठी नकार, मग जंपर्सचा दावा, आणि जुलै २००९ मध्ये कॅनडातल्या न्यायाधीशांचा निकाल: हा भेदभाव आहे, पण आम्हाला तो थांबवता येत नाही. त्या वेळी व्हँकुव्हर ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या टेकडीवरचा लांब उडीचा विक्रम एका बाईच्या, लिंडसे व्हॅनच्या नावावर होता, पुरुषांसकट. हे तू तळटीपेत ढकललंस! वर आण.

राहिला शेवट. ‘अकाली निवृत्ती’, ‘अपूर्ण कहाणी’. २०१८ च्या ऑलिम्पिकमध्ये ती नव्हती, विशीच्या सुरुवातीलाच ती स्पर्धांतून बाहेर पडली, हे खरं. पण वयाचा तुझाच तक्ता पुन्हा काढ. तेराव्या वर्षी जी जगात पाचवी आली, तिने विशीच्या सुरुवातीपर्यंत किती हिवाळे काढले? बँकेत लागलेल्या माणसाने एवढ्या वर्षांनी नोकरी सोडली तर आपण तिला अपूर्ण कहाणी म्हणत नाही, बदल म्हणतो. ती का थांबली याची कारणं तिच्या तोंडून आलेली असतील तेवढीच दे, बाकी जागा मोकळी सोड. मोकळ्या जागेची तुला भीती वाटते, हे मला तुझ्या क्रिकेटच्या बातम्यांतही दिसतं.

आणि कृपा करून फ्रान्सच्याच पुढच्या जंपरच्या, जोसेफिन पान्येच्या हाती ‘मशाल सोपवू’ नकोस. ती शो-नव्हची, म्हणजे झ्युरातली. २०२० च्या युवा ऑलिम्पिकमध्ये त्याच प्रेमानोंच्या टेकडीवर सुवर्ण, आणि डिसेंबर २०२३ मध्ये लिलेहामरला वर्ल्ड कपच्या मोसमाची सुरुवातच जिंकून केली. ती कोणाचं उरलेलं काम पुरं करत नाहीये. तिच्यावर वेगळा लेख लिही, मी डेस्कशी बोलतो.

गुरुवारी दुपारपर्यंत दुसरा खर्डा पाठव. हजारावर एकही शब्द नको. शीर्षकात ‘झेप’ आणि ‘भरारी’ दोन्ही चालणार नाहीत, हे तुला माहीतच आहे. आणि तो २.२ चा हिशेब माझ्यावर विश्वास ठेवून छापू नकोस, कागद घेऊन स्वतः मांडून बघ. माझी वजाबाकी पूर्वीही चुकलेली आहे.

तुझा,
सर