गोठ्यात नवीन आहात, तर आधी हे ऐका

जनावर लाथ मारेल याची भीती नव्याला असतेच. मला जास्त धास्ती वाटते ती गाभडलेल्या, म्हणजे गर्भ पडलेल्या गाईच्या वारेची (गर्भाच्या झिल्लीची). पाचव्या महिन्यानंतर गाय गाभडली की ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांकडून माणसालाही होणारा जंतूंचा आजार, डोक्यात ठेवूनच पुढे व्हा. अडकलेली वार उघड्या हाताने ओढायची नाही. खांद्यापर्यंतचे हातमोजे, मास्क, चष्मा हवाच, आणि शक्य असेल तर पशुवैद्यालाच काढू द्या. नखाशेजारची साधी चीरही जंतूंना पुरते. पडलेलं वासरू, वार, भिजलेलं गवत खोल पुरून वर चुना टाका. कुत्र्यांच्या तोंडी लागता कामा नये.

माणसाला झाला तर हा आजार मोठा लबाड. ताप येतो-जातो, रात्री घाम फुटतो, कंबर-सांधे धरतात, आणि माणूस दगदग झाली म्हणत अंगावर काढतो. डॉक्टरकडे गेलात की जनावरांत काम करता हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. औषधं सहसा दोन, किमान 6 आठवडे. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलीत तर आजार उलटतो.

ब्रुसेलोसिसची लस 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना देतात. ती जिवंत जंतूंची असते. सुई तुम्हाला टोचली तर लगेच डॉक्टर गाठा. आणि धारोष्ण दुधाचं कौतुक मला सांगू नका, उकळूनच प्या.

लघवीमिश्रित पाण्यात गमबूट घाला, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जनावरांच्या लघवीतून पसरणारा जंतूंचा आजार) तिथूनच येतो.

जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त आलं, तर फाशी रोगाचा (अँथ्रॅक्सचा) संशय धरा. कातडं सोलायचं नाही, शव उघडायचं नाही. हवा लागली की जंतूंचे बीजाणू (कडक कवचाचं टिकाऊ रूप) बनतात आणि मातीत कित्येक वर्षं टिकतात. आधी पशुवैद्याला फोन.