हिरड्या दिसतात, ओठ मिटत नाहीत

प्रश्न : हसताना माझ्या वरच्या हिरड्या फार दिसतात. ओठ मिटले की हनुवटी ताणली जाते. बोटॉक्सच्या इंजेक्शनने भागेल का?

उत्तर : हनुवटीचं त्याने बहुधा भागणार नाही. वरचा जबडा उंचीने जास्त वाढला असला की हिरडी दिसते आणि ओठांमधलं अंतरही वाढतं. मग खालचा ओठ वर ढकलायला हनुवटीतला मेंटॅलिस स्नायू राबतो. तो आकसला की तिथे संत्र्याच्या सालीसारखे खळगे उमटतात. आरशासमोर ‘म’ म्हणा, मग चेहरा सैल सोडा. सैल ओठांत ३-४ मिलिमीटरपर्यंत फट चालते. त्याहून जास्त असेल आणि झोपेतही तोंड उघडं राहत असेल, तर पुढच्या हिरड्या सुकून लाल होतात, सुजतात. ब्रश कितीही नीट करा.

बोटॉक्स ओठ उचलणारे स्नायू सैल करतं, तेही काही महिनेच. फट तशीच राहते. हिरडी कापल्यानेही ओठ मिटत नाहीत, फक्त दात लांब दिसतात. आधी ऑर्थोडॉन्टिस्टकडे (दात-जबड्यांची ठेवण सुधारणाऱ्या डॉक्टरांकडे) चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढून घ्या. दोष जबड्याचाच निघाला, तर वाढ पूर्ण झाल्यावर वरचा जबडा वर सरकवण्याची शस्त्रक्रिया करता येते. नाक सतत चोंदत असेल तर ते आधी दाखवा.