ब्रेड बघून धावत येणारे पट्टेवाले मासे

प्रश्न: सुट्टीत पुण्याहून मालवणला गेलो होतो, स्नॉर्केलिंग केलं. बोटवाल्या दादांनी हातात ब्रेड दिला आणि पाण्यात शिरल्या शिरल्या पिवळसर अंगाचे, काळे उभे पट्टे असलेले मासे झुंडीनं हाताशी आले. लेक म्हणते झेब्रा मासे. आता घरच्या टँकमध्ये दोन हवेत म्हणून मागे लागलीये. हे कुठले मासे? पाळता येतील का?
– एक आई, सिंहगड रोड

उत्तर: ताई, वर्णनावरून तरी हे सार्जंट मेजर वाटतात. फौजेतल्या सार्जंटच्या बाहीवर पट्ट्या असतात ना, त्यावरून हे नाव पडलं. पाच काळे पट्टे, पाठ पिवळी, लांबी जास्तीत जास्त वीसेक सेंटिमीटर, आणि लेकीला आवडेल असं म्हणजे हा कार्टून सिनेमातल्या नीमोच्याच कुळातला, या कुळाला डॅमसेलफिश म्हणतात. अटलांटिकमधल्या त्याच्या भावाला प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञानं १७५८ मध्येच नाव दिलं होतं, आपल्याकडचा वेगळा, तो तांबड्या समुद्रापासून पार पॅसिफिकपर्यंत सापडतो.

मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते बापाचं काम. नर खडकावर जागा साफ करतो, मादी तिथे अंडी चिकटवून निघून जाते आणि मग पिल्लं बाहेर येईपर्यंत हा पठ्ठ्या तिथून हलत नाही, पंखांनी अंड्यांवर पाणी खेळवत राहतो, जवळ येईल त्याच्या अंगावर धावून जातो, आणि तेवढ्या दिवसांत त्याचा रंगही निळसर होतो, इतका की पट्टे नीट दिसत नाहीत.

टँकचं म्हणाल तर नकोच. हा खाऱ्या पाण्यातला, समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, आपल्या नळाच्या पाण्यात तो जगणारच नाही. खाऱ्या पाण्याचा टँक केलात तरी मोठा झाला की बाकीच्या माशांना छळतो.

आणि ब्रेडबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. हे मासे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, शेवाळ असलं खातात, मैदा त्यांचं खाणं नाही, आणि एकदा सवय लागली की दिसेल त्या माणसाच्या मागे येतात. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे तरी हे थांबायला हवं. पुढच्या वेळी दादांना आधीच सांगा की ब्रेड नको, आणि खडकाजवळ एखादा निळसर मासा एकटाच त्याच त्या जागी घिरट्या घालताना दिसला तर लेकीला लांबूनच दाखवा, बहुतेक तो अंडी राखत असेल.