ओला शर्ट आणि प्लास्टिकची पिशवी

टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिकेत फॉरेन्सिक तज्ज्ञ येतो, फवारा मारतो, भिंत निळी चमकते आणि तासाभरात डीएनए जुळतो. खरंच असं होतं का? (पेडणे)

फवारा खरा आहे, तासाभराची गोष्ट खरी नाही. त्यात ल्युमिनॉल असतं, रक्ताला लागलं की चमकणारं रसायन. त्याला अंधार लागतो आणि चमक काही सेकंदांत विझते. शिवाय ब्लीचने पुसलेली लादीसुद्धा तशीच चमकते. म्हणजे चमकलं की रक्त, असं कोणी म्हणत नाही. डाग उचलून पुढच्या चाचण्या कराव्या लागतात. डीएनए वेगळा काढायचा, किती मिळाला ते मोजायचं, त्याच्या प्रती वाढवायच्या आणि मग वाचायचं, यात दिवस जातात. शिवाय आधी आलेली प्रकरणं रांगेत असतातच. आणि प्रयोगशाळेतला माणूस संशयिताला दरडावत नाही, ते काम तपास अधिकाऱ्याचं.

मालिका जे दाखवतच नाहीत, ते पुराव्याचं पाकीट बंद करणं. एकदा ऐन पावसाळ्यात माझ्याकडे एक रक्ताळलेला शर्ट आला. ओला असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून सील केलेला. सील शाबूत होतं, कागद चोख होते. उघडल्यावर कुबट वास आला. कॉलरपासून खिशापर्यंत हिरवट-काळी बुरशी होती. डाग कुठे संपतो आणि बुरशी कुठे सुरू होते, तेही कळेना. सावलीत वाळवून कागदी पाकिटात घातला असता, तर बहुधा काहीतरी हाती लागलं असतं. ‘निष्कर्ष काढता आला नाही’ एवढंच मला लिहावं लागलं. त्या घरच्यांनी ते वाचलं असेल, ही गोष्ट मला अजून टोचते.

मुलगी बारावी सायन्सला आहे. फॉरेन्सिकच करायचं म्हणते. गोव्यात वाव आहे का? (फोंडा)

आहे, आणि शिक्षण तर तुमच्या दारातच आहे. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा गोवा परिसर कुर्टीला आहे, राज्याची प्रयोगशाळा वेर्ण्याला. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे गुन्ह्यांचा तपास कसा करायचा ते सांगणारा नवा कायदा, लागू झाली. तिच्या कलम १७६ प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत अवधी दिलाय, म्हणजे माणसं लागणारच.

पण तिला एक विचारा: रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल तिला आवडतं का? अमली पदार्थ, विष, दारू, सगळीकडे रसायनशास्त्रच लागतं. माझं मत विचाराल तर आधी रसायन किंवा जीवशास्त्रात भक्कम बीएस्सी आणि मग फॉरेन्सिकमध्ये एमएस्सी करावी. पाया पक्का असला की भरती लांबली तरी इतर दारं उघडी राहतात.

समुद्रात मृतदेह सापडला, तर माणूस बुडून मेला की मेल्यावर पाण्यात टाकला, हे कसं ओळखता? (कोलवा)

शवविच्छेदन डॉक्टर करतात. फुफ्फुसं, श्वासनलिकेतला फेस, जखमा ते पाहतात. आमच्याकडे पुष्कळदा मांडीचं हाड येतं. पाण्यात डायटम नावाचे अतिसूक्ष्म शेवाळी जीव असतात, त्यांचं कवच सिलिकाचं. बुडताना हृदय चालू असेल तर पाण्याबरोबर आत गेलेले डायटम रक्तातून हाडाच्या मज्जेपर्यंत पोचू शकतात. मज्जा आम्लात विरघळवली तरी कवचं उरतात, ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची.

नुसत्या डायटमवर मात्र निकाल देता येत नाही. फुफ्फुसात पाणी मेल्यावरही शिरतं, आणि भांडं नीट धुतलं नसेल तर नळाच्या पाण्यातले डायटमही दिसतात. म्हणून मृतदेह जिथे सापडला तिथल्या पाण्याचा नमुना लागतो. मांडवीच्या मुखाशी तर भरती-ओहोटीने देह कुठला कुठे जातो. नदीच्या आतल्या पाण्यातल्या जाती वेगळ्या, समुद्रातल्या वेगळ्या. पाणी एका बाटलीत आणून भागत नाही, दोन-तीन ठिकाणचं आणावं लागतं. किनाऱ्यावर पहिला पोचलेल्या शिपायाला हे ठाऊक असलं, तर आमचं अर्धं काम तिथेच झालेलं असतं.

मला रक्त बघवत नाही. हा विषय सोडून देऊ? (डिचोली)

नको. हस्ताक्षरं, बनावट कागदपत्रं, मोबाइल आणि संगणकातला पुरावा, या शाखांत वर्षानुवर्षं रक्ताचा थेंबही दिसत नाही. आवाज तपासणारेही आहेत. दिवसभर कानाला हेडफोन लावून एकच वाक्य शंभरदा ऐकतात.