चेहरा जुळला म्हणजे गुन्हा सिद्ध नव्हे

वकिलीत नवी आहेस म्हणून सांगतो. ‘सॉफ्टवेअरने चेहरा ओळखला’ असं तपास अधिकारी म्हणाला की लगेच मान डोलवू नकोस. मूळ फोटो किती स्पष्ट होता, सॉफ्टवेअरने काढलेल्या मिळत्याजुळत्या चेहऱ्यांच्या यादीत आणखी कोण होतं, हे विचार. ते यंत्र साम्य सांगतं, ओळख पटवत नाही. 2020 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइट पोलिसांनी दुकानातल्या धूसर चित्रणावरून भलत्याच माणसाला मुलींच्या देखत बेड्या घातल्या, त्याचे जवळपास 30 तास कोठडीत गेले.

मोबाइल जप्त झालाय? हॅश व्हॅल्यू, म्हणजे फोनमधल्या डेटावरून काढलेला, डेटा जरा बदलला तरी बदलणारा सांकेतिक आकडा, कधी काढली ते बघ. आठवड्याने काढली असेल, तर मधल्या दिवसांत फोनला कोणी हात लावला नाही, हे तिच्यावरून कळत नाही. (उलटतपासणीतला माझा आवडता प्रश्न.) आणि अशिलाला बजाव, ‘माझ्याशी बोलल्याशिवाय पासवर्ड कोणाला देऊ नका.’